ओळखपाळख नसलेल्या शहरात घर बांधायला माणूस कसा शोधावा

आपल्या गावात घर बांधायचं ठरलं की बिल्डर शोधावा लागत नाही, तो माहीतच असतो. आत्याचं घर त्यानंच बांधलेलं असतं, त्या घराच्या गच्चीवर आपण लहानपणी झोपलेलो असतो, आणि जिन्याखालचा कोणता कोपरा दर पावसाळ्यात ओला होतो हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. ही माहिती कुणी मुद्दाम गोळा केलेली नसते. वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून ती आपोआप साठलेली असते. नव्या शहरात नेमकी तीच नसते. तिथे हातात येतं ते गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक, एक हसतमुख माणूस आणि चौरस फुटाचा दर.

मी नोकरीपायी शहर बदललं, दोन वर्षांनी प्लॉट घेतला आणि पहिला कंत्राटदार चुकीचा निवडला. माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. झेपतील त्याच्या दुप्पट कामं त्यानं अंगावर घेतली होती, आणि माझ्या हप्त्यातून दुसऱ्या कुणाचा तरी स्लॅब पडत होता. जोत्यापर्यंत काम आलं आणि साइटवर राखणदार तेवढा उरला. दुसऱ्या वेळी मी घाई न करता शोधलं. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळचं आहे.

‘बिल्डर’ म्हणजे इथे आपल्या प्लॉटवर आपल्यासाठी घर बांधून देणारा, म्हणजे कंत्राटदार किंवा ठेकेदार. तयार फ्लॅट घेणाऱ्यांना घरं तपासण्याचा भाग कामी येईल. मालकी हक्क, परवानग्या आणि वकिलाकडून करायची तपासणी हा मात्र वेगळा विषय आहे आणि तो प्लॉटचे पैसे देण्याआधी उरकायचा असतो.

पायरी १: आधी एक पावसाळा भाड्यानं काढा

हे ऐकून लोक वैतागतात. भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरायचे म्हणजे जिवावर येतं, मान्य. पण नव्या हवेत एक पूर्ण वर्ष राहिल्याशिवाय आपल्याला बिल्डरला विचारायचे प्रश्नच सुचत नाहीत. पाऊस कोणत्या दिशेनं झोडपतो, कोणती भिंत दुपारभर तापते, प्लॉटच्या आसपास पाणी कुठे तुंबतं आणि किती दिवस राहतं, हे नकाशावर दिसत नाही.

त्या वर्षात एक छंद लावून घ्या. संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा प्लॉटच्या परिसरातल्या घरांच्या भिंती बघत चला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या भेगा एका घराला असतील तर तो त्या घराचा प्रश्न असू शकतो. ओळीनं चार-पाच घरांना असतील तर मातीकडे बोट जातं. काही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर नेहमीसारखा उथळ पाया घातला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होत राहतं. समुद्र जवळ असेल तर गोष्ट निराळी. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून आत झिरपतं आणि सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते, आणि वरचं काँक्रीट खपल्या धरून सुटतं. शेजारच्या सज्जांखाली मान वर करून पाहिलंत की हे दिसतं.

स्थानिक बिल्डरचं खरं मोल इथेच आहे. त्याला ही माती आणि हा पाऊस आपल्यापेक्षा आधीपासून माहीत असायला हवा. “इथे पाया कसा घेता आणि का?” असं विचारल्यावर जो माणूस शेजारच्या दोन प्लॉटवर खोदताना काय लागलं ते सांगतो, त्याच्याशी पुढे बोला. “काळजी करू नका, मजबूत करतो” एवढंच म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

पायरी २: बिल्डरच्या आधी इंजिनिअर गाठा

बहुतेक जण उलटं करतात. आधी बिल्डर पक्का करतात, मग तोच आपला आर्किटेक्ट आणि आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर घेऊन येतो. सोयीचं वाटतं खरं, पण मग बिल्डरचं काम तपासणारा माणूस बिल्डरच्याच ओळखीचा निघतो. गावी असतो तर चुलतभाऊ येताजाता साइटवर डोकावला असता. इथे ते डोकावणं आपल्याला विकत घ्यावं लागतं.

म्हणून स्वतंत्र आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर आपण नेमायचे, त्यांचे पैसे आपण द्यायचे, आणि पहिल्याच भेटीत न लाजता विचारायचं, “कंत्राटदाराकडून तुम्हाला काही मिळतं का?” प्रश्न अवघड आहे, पण नंतर विचारणं त्याहून अवघड जातं.

त्यांच्याकडून तीन गोष्टी घ्या. पहिली, मातीची तपासणी आणि तिच्यावरून ठरवलेला पाया. दुसरी, कामाचं तपशीलवार परिमाणपत्रक, म्हणजे खोदाई किती, काँक्रीट किती, सळई किती किलो, वीटकाम किती, गिलावा किती चौरस मीटर. तिसरी, साइटवरच्या भेटींचा ठराव. रोज येणं कुणालाच परवडत नाही. पण पायाची सळई बांधल्यावर, जोत्याला, प्रत्येक स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी, नळ आणि वायरिंगचे पाइप भिंतीत गाडण्याआधी, आणि गच्ची व बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी इंजिनिअर हजर हवा. त्यानं वहीत सही केल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही, हे करारातही येऊ द्या. एकदा काँक्रीट ओतलं की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

पायरी ३: नावं गोळा करा, पण योग्य तोंडून

ऑफिसातल्या सहकाऱ्यांना विचारालच. त्यांची उत्तरं ऐकून ठेवा, पण त्यातले निम्मे लोक अजून घरभरणीच्या आनंदात असतात. घराला चार पावसाळे लागले नाहीत तोवर मालकाचं कौतुक हे कौतुकच असतं.

मला सगळ्यांत खरी माहिती मिळाली ती सिमेंट-सळईच्या डेपोवर. कोण उधारी वेळेवर फेडतो, कोण मालाची प्रत विचारून घेतो आणि कोण फक्त “स्वस्तातलं काय आहे?” म्हणतो, हे त्या काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं. तसंच फरशी बसवणारे, प्लंबर, सेंट्रिंगवाले, म्हणजे काँक्रीटसाठी साचे आणि टेकू लावणारे. त्यांना बिल्डर चांगला आहे का असं विचारू नका, “तुमचे पैसे वेळेवर देतो का?” असं विचारा. ज्याचे कारागीर दर सहा महिन्यांनी बदलतात त्याच्याकडे काहीतरी बिनसलेलं असतं. घरकर्ज देणाऱ्या बँकेसाठी बांधकामाची पाहणी करणारे मूल्यमापकही कामाचे. त्यांनी अर्धवट राहिलेली घरं पाहिलेली असतात.

आता एक नाजूक मुद्दा. परक्या शहरात आपली भाषा बोलणारा कुणी भेटला की जीव हरखतो. “तुम्ही कुठले? अरे, मग आपलेच की!” असं म्हणत त्याच्या चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत आपण अर्धा व्यवहार करून मोकळे झालेलो असतो. माझा पहिला कंत्राटदार असाच ‘आपला’ होता. भाषा एक असणं चांगलंच, साइटवर गैरसमज कमी होतात. पण ‘आपला माणूस’ असल्यामुळे मी लेखी करार मागायला संकोचलो आणि हिशेब विचारायला तर त्याहून जास्त. ज्याच्याकडे हिशेब मागताना जीभ अडखळते, त्याला काम देऊ नये. मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.

या सगळ्यातून पाच-सहा नावं निघाली की थांबा. वीस जणांची यादी केलीत तर एकालाही नीट तपासणार नाही.

पायरी ४: प्रत्येकाची तीन वयांची घरं बघा

निवडीसाठी एकच रविवार हाताशी असेल तर तो इथे घालवा. प्रत्येक बिल्डरकडे तीन पत्ते मागा: सध्या चालू असलेली एक साइट, एक पावसाळा पाहिलेलं एक घर, आणि पाच वर्षांहून जुनं एक घर. तिसरा पत्ता देताना जो घुटमळतो त्याचं घुटमळणं लक्षात ठेवा.

चालू साइटवर सांगून जा, आणि मग आठवड्यानं न सांगता परत जा. काँक्रीटचं शास्त्र येत नसलं तरी बरंच काही दिसतं. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी आणि झाकलेली आहेत, की जमिनीवर भिंतीला टेकून पडली आहेत? सळई चिखलात लोळतेय का? सळई आणि साच्याच्या मध्ये छोटे कव्हर ब्लॉक लावलेत का? हे ब्लॉक सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण राहावं म्हणून असतात. साधारणपणे स्लॅबला २०, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर किंवा जास्त. नेमका आकडा नकाशावर लिहिलेला असतो. ब्लॉकऐवजी खडीचा एखादा तुकडा सरकवलेला दिसला तर समजून जा.

पाण्याकडे बघा. काँक्रीट पातळ केलं की ओतायला सोपं जातं, मजूर खूश, काम झटपट. पण सिमेंटच्या मानानं पाणी वाढलं की ताकद घटते. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकानं हा संबंध १९१८ साली मांडला, आणि शंभर वर्षांनंतरही कुठल्या तरी साइटवर कुणीतरी मिक्सरमध्ये एक बादली जास्त ओततच असतो. त्या क्षणी मुकादम ओरडतो की दुसरीकडे बघतो, एवढं टिपा. त्या बिल्डरबद्दल अर्धं उत्तर तुम्हाला मिळालं.

उलट, काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला भरपूर पाणी लागतं. याला क्युअरिंग म्हणतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस काँक्रीट ओलं ठेवायचं, कडक उन्हाळा किंवा मिश्र सिमेंट असेल तर त्याहून जास्त. चांगल्या साइटवर कॉलमना गोणपाट गुंडाळलेलं असतं, स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवलेलं असतं, आणि प्रत्येक कॉलमवर खडूनं ओतल्याची तारीख लिहिलेली असते. ती तारीख दिसली की मला बरं वाटतं. तारीख लिहिणारा माणूस टेकू काढायचे दिवसही मोजतो. स्लॅबखालचे टेकू किती दिवसांनी काढायचे हे गाळ्याच्या लांबीवर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, आणि इंजिनिअरच्या सूचनेवर ठरतं, साधारण एक ते तीन आठवडे. सेंट्रिंगचा माल दुसऱ्या साइटला हवा म्हणून ते आधी काढले जाणार असतील तर ते काम आपलं नव्हे.

साचा काढलेल्या कॉलमवर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, तर तिथे व्हायब्रेटर, म्हणजे ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र, नीट फिरलेला नाही. एखाददुसऱ्या ठिकाणी असं होतं. त्यापुढे त्याचं काय करतात ते विचारा. इंजिनिअरला दाखवून दुरुस्त करतात की वरून सिमेंटचा हात फिरवून झाकतात? ताजा गुळगुळीत ठिगळ लगेच ओळखू येतो. आणि साइटवर नकाशा आहे का? मोबाइलमधल्या फोटोत नव्हे, कागदावर, शेवटच्या दुरुस्तीच्या तारखेसह. मजुरांना प्यायचं पाणी आणि संडासाची सोय आहे का, उंचावर काम करणाऱ्याला पट्टा आहे का, हेही बघा. माणसांची हेळसांड करणारा तुमच्या वॉटरप्रूफिंगची काळजी घेईल अशी आशा ठेवायला जागा नाही.

एक पावसाळा पाहिलेल्या घरात सरळ बाथरूमच्या खालच्या खोलीत जा आणि छत बघा. मग गच्चीवर: पाणी जाण्याच्या तोंडाशी डबकी साचल्याचे डाग, कठड्याच्या मुळाशी ओल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाचे फुगे. कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे उभी सरळ भेग. तिथे गिलाव्याखाली जाळी मारायची राहिली की ती हमखास येते. खिशातलं नाणं काढून फरश्यांवर ठकठक करा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही. मालकांना आधी सांगून ठोका, नाहीतर ते तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात.

पाच वर्षांहून जुन्या घरात घर कमी बघा आणि मालकाशी जास्त बोला. “बिल्डर कसा आहे?” या प्रश्नाला “चांगला आहे” हेच उत्तर मिळतं, कारण कुणालाच वाईटपणा घ्यायचा नसतो. त्याऐवजी असं विचारा:

- ठरलेली रक्कम किती होती आणि शेवटी किती गेली? वाढली ती कशामुळे?
- किती महिने उशीर झाला?
- पहिल्यांदा गळालं तेव्हा फोन केल्यावर किती दिवसांनी माणूस आला?
- सुरुवातीचा मुकादम शेवटपर्यंत होता का?
- पुन्हा बांधायचं झालं तर करारात कोणती ओळ घालाल?

शेवटच्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं मी वहीत उतरवून घेतली, आणि माझा करार बराचसा त्यांतूनच तयार झाला. एका काकूंनी तर स्वयंपाकघरात नेऊन ओट्याची उंची दाखवली. त्यांची उंची विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आठ वर्षं त्या वाकून काम करत होत्या.

पायरी ५: समोरासमोर

पाच-सहातले दोन-तीन उरले की त्यांच्या ऑफिसात जा. सध्या किती साइट चालू आहेत आणि सुपरवायझर किती, हे आधी विचारा. भागाकार तुम्ही करा. करार कोणाच्या नावे होणार आणि काम कोण करणार? सही करणारा एक आणि साइटवर दिसणारा तिसराच, असं असेल तर त्या तिसऱ्याला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. परवाना, नोंदणी, कर भरल्याचे कागद आणि मजुरांचा विमा तुमच्या नव्या शहराच्या नियमांनुसार जे लागतं ते बघा. नियम जागोजागी वेगळे असल्यानं ही यादी तुमच्या इंजिनिअरकडूनच करून घ्या.

मी एक आगाऊ प्रश्न विचारायचो: “कोणत्या गिऱ्हाइकाशी तुमचं वाजलं होतं?” ज्याचं कधीच कुणाशी वाजलं नाही असा बिल्डर मला भेटलेला नाही. भांडण सांगताना तो स्वतःची थोडी चूक कबूल करतो, की सगळं खापर गिऱ्हाइकावर फोडतो, हे ऐकण्यासारखं असतं. पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक आपण असणार आहोत.

पायरी ६: दर ऐकू नका, वाचा

चौरस फुटाचा दर हा नवख्या माणसासाठी लावलेला सापळाच आहे. कुणाचा दर भिंतींच्या आतल्या क्षेत्रावर असतो, कुणाचा भिंती धरून, कुणाचा अख्ख्या स्लॅबवर. जिना, बाल्कनी आणि पाण्याची टाकी कुणी पूर्ण धरतो, कुणी निम्मी, कुणी वेगळी लावतो. त्यामुळे कमी दर सांगणाऱ्याचं बिल जास्त होऊ शकतं, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

यावर उपाय एकच: सगळ्यांना तोच नकाशा आणि तेच परिमाणपत्रक द्या, आणि ओळीगणिक दर भरून मागा. मग आकडे शेजारी शेजारी ठेवा. सगळ्यांत कमी रकमेच्या कोटेशनमध्ये काय *नाही* ते शोधा. बहुतेक वेळा राहिलेलं असतं ते असं: खोदताना खडक लागला तर त्याचा दर, खोदलेली माती आणि राडारोडा उचलणं, बांधकामाचं पाणी आणि वीज, वॉटरप्रूफिंग, सांडपाण्याची जोडणी, कुंपणभिंत, काँक्रीटच्या चाचण्या. हे सगळं पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं, आणि तेव्हा घासाघीस करायला तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

करार कोणत्या पद्धतीचा, हेही इथेच ठरतं. एकरकमी ठरावात बिल्डरचा फायदा माल वाचवण्यात असतो, म्हणून मालाची प्रत बारकाईनं लिहावी लागते. आयटमप्रमाणे दर असेल तर जेवढं काम तेवढं बिल, पण मोजमाप दोघांनी मिळून घ्यायचं आणि वहीत दोघांच्या सह्या हव्यात. खर्च अधिक टक्केवारी या पद्धतीत खर्च वाढला की बिल्डरची कमाईही वाढते; ओळख मुरलेली नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि फक्त मजुरीचं कंत्राट, म्हणजे माल आपण आणायचा. गावाकडे लोक असंच करतात आणि पैसे वाचवतातही. नव्या शहरात मात्र तुम्हाला ना डेपो माहीत, ना वाळूची प्रत, आणि सकाळी साडेसातला फोन येतो: “साहेब, सिमेंट संपलं, माणसं बसून आहेत.” नोकरी सांभाळून हे होत नाही. मी तीन आठवडे करून बघितलं.

माझ्या मतानं, नवख्या माणसाला मालासकट आयटमप्रमाणे दर आणि स्वतःचा इंजिनिअर हे सगळ्यांत सुरक्षित. एकरकमीपेक्षा कटकट थोडी जास्त आहे, पण खडक लागला किंवा खोली वाढवली तर भांडणाऐवजी नुसता गुणाकार करायचा असतो.

पायरी ७: करार

वकिलाला दाखवायचाच. पण वकील कायदा बघेल. घर तुम्हाला बघायचं आहे.

‘अमुक ब्रँड किंवा समतुल्य’ ही ओळ दिसली की पेन उचला आणि पुढे लिहा: समतुल्य काय ते मालकाचा इंजिनिअर ठरवेल, लेखी. नकाशांची यादी क्रमांक आणि तारखांसह जोडा. बदल किंवा वाढीव काम असेल तर आधी दर, मग सही, मग काम. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही सही नाही. काम सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख लिहाच, पण ‘पूर्ण’ म्हणजे काय तेही लिहा. नळाला पाणी, दिव्यांना वीज, दारांना कुलपं, साइटवरचा कचरा उचललेला. काम मध्येच थांबलं तर झालेलं काम कोण मोजणार आणि साइटवर पडलेला माल कोणाचा, ही ओळ माझ्या पहिल्या करारात नव्हती. करार तरी कुठला, दोन पानी चिठ्ठीच होती ती. जोत्याच्या कामाचं मोजमाप करायला मला तिसरा माणूस आणावा लागला आणि उरलेल्या सळईवरून दीड महिना वाद चालला. वाद झालाच तर तो कुठल्या शहरात आणि कोणापुढे सोडवायचा, हेही ठरवून ठेवा.

दोषदुरुस्तीचा कालावधी लिहून घ्या. ही काही नवी मागणी नव्हे. पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात लिहिलंय की बांधलेली भिंत झुकली तर बांधणाऱ्यानं ती स्वतःच्या खर्चानं पक्की करून द्यावी. त्याच कायद्यात घर कोसळून मालक दगावला तर बांधणाऱ्याला देहदंड होता. ते कलम तुमच्या बिल्डरला गमतीनं सांगायला हरकत नाही. पहिलं मात्र गंभीरपणे करारात घाला: गळती आणि फिनिशिंगसाठी निदान एक पूर्ण पावसाळा धरून बारा महिने, आणि सांगाड्यातल्या दोषांसाठी काही वर्षं. बऱ्याच ठिकाणी कायद्यानंच किमान मुदत ठरवलेली असते, ती वकिलाला विचारा.

पायरी ८: पैसे कामाच्या मागून चालले पाहिजेत

माझी सगळ्यांत महाग पडलेली शिकवणी इथली. बिल्डरच्या छापील वेळापत्रकात बहुधा पैसे पुढे आणि काम मागे असतं. सांगाडा उभा राहिला की घर झाल्यासारखं दिसतं, आणि तोवर सत्तर-ऐंशी टक्के रक्कम मागितलेली असते. गिलावा, फरशी, वायरिंग, नळ, दारं-खिडक्या, रंग हा खर्चाचा मोठा वाटा त्यानंतरचा असतो. तेव्हा तुमच्याकडे पैसे उरलेले नसतात आणि त्याला उत्साह.

सुरुवातीची उचल लहान ठेवा, पाच ते दहा टक्क्यांच्या आत. ती पुढच्या बिलांतून थोडी थोडी वळती करायची हेही लिहा. त्यापुढे प्रत्येक हप्ता पूर्ण झालेल्या आणि इंजिनिअरनं पाहिलेल्या टप्प्याला. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के अनामत कापून ठेवा. त्यातली निम्मी ताबा घेताना आणि निम्मी दोषदुरुस्तीची मुदत संपताना द्यायची. हे ऐकून जो बिल्डर रागावतो त्याच्या खिशात तुमचं काम चालवण्याइतका पैसा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रोख देऊ नका. पावती नंतर आणून देतो म्हणाला तर पैसेही नंतर.

काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल बिलाला जोडून मागा. ओतताना नमुन्याचे ठोकळे भरतात आणि प्रयोगशाळेत दाबून बघतात. ७ दिवसांनी साधारण दोन-तृतीयांश ताकद आलेली असते, आणि हिशेबाला धरतात ती २८ दिवसांची. ठोकळे कुणी भरले आणि प्रयोगशाळेत कुणी नेले, हे इंजिनिअरला माहीत असू द्या. अहवाल नेहमीच सुंदर येतात.

पायरी ९: अजून जुन्याच शहरात राहत असाल तर

काम सुरू आणि तुम्ही लांब, ही सगळ्यांत वाईट वेळ. इंजिनिअरच्या भेटी वाढवा. मुकादमाला रोज संध्याकाळी ठरलेल्या चार जागांवरून फोटो पाठवायला सांगा. त्याच चार जागा, म्हणजे कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून फरक दिसतो. नळ आणि वायरचे पाइप गाडण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप धरून काढून घ्या. पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा असला की या फोटोंचं मोल कळतं. आणि प्रत्येक स्लॅबच्या दिवशी रजा टाकून जा. निदान आदल्या दिवशी तरी.

पायरी १०: ताबा, आणि अकरावा महिना

किल्ली घेण्याआधी, फरशी बसवण्यापूर्वी बाथरूममधली सांडपाण्याची तोंडं बंद करून पाणी साठवून ठेवल्याची नोंद मागा; निदान चोवीस तास, आणि खालचं छत कोरडं. गच्चीचंही तसंच. नळांच्या पाइपांची दाबाखालची चाचणी, विजेच्या अर्थिंगची तपासणी, बसवलेल्या वस्तूंची वॉरंटी, नकाशांचा शेवटचा संच. ओळंबा घेऊन चार भिंती तपासा आणि प्रत्येक दार अर्धं उघडून सोडा. जागेवर थांबलं पाहिजे. राहिलेल्या कामांची यादी करा, प्रत्येकापुढे तारीख लिहा, दोघांनी सह्या करा. घरभरणीची तारीख बिल्डरला सांगू नका. त्याला ती कळली की यादीतली निम्मी कामं “पूजेनंतर करू” यात जातात.

मग राहायला जा, आणि कॅलेंडरवर अकराव्या महिन्यातला एक दिवस लाल करून ठेवा. मुदत संपायच्या आत, अनामत तुमच्याच हातात असताना, इंजिनिअरला घेऊन घरभर फिरायचं. माझी त्या दिवशीची यादी चौदा ओळींची झाली. मुकादम दुसऱ्याच आठवड्यात दोन माणसं घेऊन आला, बारा कामं तीन दिवसांत झाली, तेरावं महिनाभरानं. चौदावं मागच्या बाथरूमचं दार होतं. ते पावसाळ्यात फुगून चौकटीला अडतं. त्यानं दोनदा रंधा मारून दिला, तरी जुलैत अजूनही अडतंच, आणि ऑक्टोबरात आपलं आपण सुटतं. ती ओळ मी खोडली आणि अनामत देऊन टाकली.